बॉल पायथनचे भाव उतरलेत. जोडी रिसेसिव्हची लावावी की को-डॉमची?

रॅक आला, थर्मोस्टॅट बसला, उंदरांची सोय झाली, आणि आता पैसे कोणत्या जीनवर लावायचे, आई-बापांपैकी एकाकडूनच आला तरी दिसणाऱ्या को-डॉमवर की दोघांकडून आला तरच दिसणाऱ्या रिसेसिव्हवर, इथे घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. बाजार अमेरिकेतला धरलाय, कारण बॉल पायथनच्या मॉर्फचे, म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकारांचे, भाव मुख्यतः तिथे ठरतात आणि तिथे पडले की युरोपातही पडतात. हा निर्णय मी स्वतः घेऊन झालाय आणि त्याच्यासोबत काही सीझन काढलेत. माझं झुकतं माप कुठे आहे ते पुढे कळेलच. पण दुसऱ्या बाजूने गेलेले, माझ्यापेक्षा चांगले साप काढणारे लोकही मला माहीत आहेत, त्यामुळे हा शेवटचा शब्द समजू नका.

आधी भाव का पडले ते, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. २०२० आणि २०२१ मध्ये लोक घरात अडकले होते, हातात पैसा होता, आणि पाळीव सापांना कधी नव्हे एवढी मागणी आली. ब्रीडरांनी त्या दोन वर्षांत जन्मलेल्या चांगल्या माद्या विकल्याच नाहीत, पुढच्या ब्रीडिंगसाठी मागे ठेवल्या. नवे लोकही मोठ्या संख्येने आले, त्यांनीही माद्याच घेतल्या. बॉल पायथनची मादी दीड किलोच्या आसपास जाऊन अंड्यावर यायला साधारण तीन वर्षं घेते. म्हणजे त्या तेजीत साठवलेल्या माद्या एकदमच, २०२३ च्या सुमारास अंडी घालू लागल्या. तोवर गिऱ्हाईक पुन्हा कामावर जाऊ लागलं होतं, महागाई वाढली होती, फ्रोझन उंदरांचे दर चढले होते. पिल्लं भरमसाट, घेणारे कमी. जे साप तेजीत हजाराला जात होते ते दोनशे-तीनशेला आले, आणि साधे एका जीनचे नर तर पन्नास डॉलरच्या खाली.

ही घसरण सगळ्या जीनना सारखी लागत नाही, आणि तुलनेचा खरा मुद्दा इथून सुरू होतो.

को-डॉम जीन एका प्रतीतच दिसतो. तुमच्याकडे मोहावे या को-डॉमचा नर आहे आणि तो एका सीझनमध्ये पाच साध्या माद्यांवर लावला, दर मादीची सहा अंडी धरली, तर तीस पिल्लांतली पंधराएक मोहावे निघतात. पहिल्याच वर्षी. त्यातले नर वर्ष-दीड वर्षात स्वतः तयार होतात आणि तोच हिशेब पुन्हा सुरू. पायबाल्डसारखा रिसेसिव्ह नर त्याच पाच साध्या माद्यांवर लावला तर तीस पिल्लांत एकही पायबाल्ड नाही. सगळी हेट, म्हणजे जीनची एकच प्रत बाळगणारी, सगळी दिसायला साधी. त्यातल्या मुली तीन वर्षं वाढवा, मग त्यांच्यावर पायबाल्ड नर लावा, तेव्हा कुठे अर्धी पिल्लं पांढऱ्या ठिगळांची निघतात. एकाच दिवशी सुरू केलेल्या दोन प्रकल्पांत दिसणारा माल बाजारात यायला चारेक वर्षांचं अंतर पडतं. को-डॉमचा भाव झपाट्याने कोसळतो आणि रिसेसिव्हचा रेंगाळत उतरतो, त्याचं मुख्य कारण हेच.

इतिहासही हेच सांगतो. बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये रिसेसिव्ह अल्बिनो हा अनुवंशिक असल्याचं पिल्लांतून सिद्ध केलं. पीटर काल यांनी १९९७ मध्ये पायबाल्ड सिद्ध केला, त्याच वर्षी ग्रेग ग्राझियानी यांनी को-डॉम पेस्टल. १९९९ मध्ये केव्हिन मॅककर्ली यांचा स्पायडर आला. सुरुवातीला हे सगळेच हजारो डॉलरचे साप होते. आज माझ्या नजरेसमोर जे भाव फिरतात त्यांत पायबाल्ड अजून काही शे डॉलर धरून आहे, अल्बिनो शंभराच्या वर तग धरून आहे, आणि एकटा पेस्टल कुणी फुकट दिल्यासारखा देतं. पायबाल्ड आणि पेस्टल एकाच वयाचे आहेत, एवढं लक्षात घ्या. स्पायडरची गोष्ट वेगळी, तिच्यावर पुढे येतो.

मात्र रिसेसिव्हवाले जे छातीठोकपणे सांगतात की आमचा भाव पडतच नाही, तेही खरं नाही. हेट साप दिसत नाहीत, म्हणून बाजारात किती आहेत ते कळत नाही. क्लाउन हा दुसरा रिसेसिव्ह घ्या: हजारो लोकांच्या टबांत हेट क्लाउन माद्या वाढत असतात आणि त्या एकाच सुमारास अंड्यावर येतात तेव्हा क्लाउनचा भाव एका सीझनमध्ये बसतो. को-डॉमची घसरण डोळ्यांदेखत होते, रिसेसिव्हची लपून येते. २०२३ नंतर क्लाउनचं जे झालं ते असंच.

नुसत्या भावाच्या चालीवर निर्णय घ्यायचा तर को-डॉमच्या बाजूनेही बोलता येतं. पहिल्याच क्लचपासून, म्हणजे एका वेळच्या अंड्यांपासून, काहीतरी दिसतं. अंडं फोडून बाहेर आलेलं डोकं पाहताच कळतं की यात काय आहे, निदान वाटतं तरी. एक नर आणि दोन माद्यांत पाच-सहा जीन फिरवता येतात, दर वर्षी नवं कॉम्बिनेशन. दोन मोहावेंतून सरासरी चारात एक निळ्या डोळ्यांचा शुभ्र ल्युसिस्टिक निघतो, आणि तो पहिल्यांदा अंड्यातून डोकावतो तेव्हा माणूस इन्क्युबेटरपुढून हलत नाही. ज्याला तीन वर्षं धीर धरवत नाही, ज्याला विक्रीपेक्षा काय निघतंय याचाच आनंद आहे, त्याला को-डॉमसारखा खेळ नाही.

आता जी कटकट मला निर्णयापर्यंत घेऊन गेली ती सांगतो. भावाशी तिचा संबंध वरवर दिसत नाही, पण भाव उतरले तशी ती असह्य होत गेली.

कटकट आहे ओळखण्याची. यलो बेली हा जीन घ्या. एका प्रतीत तो जेमतेम दिसतो: पोट जरा स्वच्छ, पोटाच्या दोन्ही कडांना चौकटी-चौकटींची एक पुसट किनार, कुशीवरच्या ज्वाळांसारख्या खुणा थोड्या उजळ, एकूण रंग थोडा तकतकीत. दोन यलो बेलींतून आयव्हरी निघतो, तो शुभ्र आणि देखणा, म्हणून यलो बेलीला किंमत. आता या यलो बेलीवर पेस्टल घाला, एन्ची घाला, वर मोहावे. पेस्टल रंग उजळवतो, एन्ची नक्षी आवळतो आणि कुशी स्वच्छ करतो, मोहावे ज्वाळा वाढवतो. म्हणजे यलो बेली ज्या खुणांवरून ओळखायचा, नेमक्या त्याच खुणा बाकीचे जीन आपल्या परीने करतात.

पिल्लू पहिली कात टाकतं तेव्हा रंग खरा कळतो. त्या दिवशी मी पिल्लं एकेक करून खिडकीपाशी नेतो, कारण ट्यूबलाइटखाली पिवळा आणि तपकिरी दोन्ही खोटे दिसतात. तळहातावर घेतलेलं साठेक ग्रॅमचं पिल्लू चेंडू करून डोकं आत लपवतं. त्याला उलटं करायचं तर हळूच एक वेटोळं सोडवावं लागतं, ते लगेच दुसरं घालतं. पोटाची कड बोटभर दिसते तेवढ्यात पाहून घ्यायची: किनार सलग आहे की तुटक, चौकटी खऱ्या की नुसते ठिपके. मग भावंड आणायचं, शेजारी धरायचं. हे नक्की यलो बेली. हे नक्की नाही. आणि उरलेली दोन सकाळी एक वाटतात, दुपारी दुसरंच. फोटो काढून चार जाणकारांना पाठवले तर दोघं हो म्हणतात, दोघं नाही. चौघंही वर्षानुवर्षं हेच करणारे.

साप हजाराला जात होता तेव्हा हा वाद परवडायचा. पिल्लू मागे ठेवायचं, वाढवायचं, सिद्ध करायचं, मग विकायचं. नराला दीड वर्ष, मादीला तीन. आज त्याच पिल्लाला यलो बेली लिहिलं काय आणि न लिहिलं काय, फरक वीस-पंचवीस डॉलरचा. त्यासाठी कोण तीन वर्षं उंदीर घालणार? म्हणून बाजारात लोक जे वाटतं ते लिहून मोकळे होतात. बहुतेक जण फसवायला लिहीत नाहीत, त्यांना मनापासून तसं वाटत असतं. पण लेबलावर सहा जीन असतात आणि त्यांतल्या चारांबद्दलच कुणी पैज लावू शकेल. विकत घेणारा ते सहाच्या सहा जीन खरे धरून आपली जोडी लावतो, त्याच्या पिल्लांवर तीच नावं चढतात, आणि शंका पुढच्या पिढीत जाते.

मी एकदा एका नावाजलेल्या विक्रेत्याकडून तीन जीनची म्हणून एक मादी घेतली होती, त्यात एक एन्ची. तिला वाढवायला लागला तेवढा काळ लागला. ज्या क्लचमध्ये अर्धी पिल्लं एन्ची दिसायला हवी होती त्यांत एकही दिसलं नाही, पुढच्या क्लचमध्येही नाही. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर सभ्य होतं: तुमच्या पिल्लांत एन्ची आहे, तुम्हाला दिसत नाहीये. कदाचित खरंही असेल! पण माझं मन तिथे उडालं. जे आहे की नाही यावर दोन अनुभवी माणसांचं एकमत होत नाही, ते मी तिसऱ्या, नवख्या माणसाला पैसे घेऊन कसं विकू?

रिसेसिव्हमध्ये हा प्रश्न दिसणाऱ्या सापापुरता मिटतो. पायबाल्ड आहे की नाही यावर कुणी भांडत नाही. क्लाउनचं डोकं आणि पाठीवरचा पट्टा एकदा पाहिला की ओळखायला चष्मा लागत नाही. अल्बिनोचं तर विचारूच नका.

यावर को-डॉमवाले जे म्हणतात ते रास्त आहे: मग पॉसिबल हेटचं काय? ती शंकाच नाही का? आहे, आणि मोठी आहे. दोन हेट एकमेकांवर लावले तर सरासरी चारात एक दिसणारा निघतो, आणि उरलेली सगळी पिल्लं दिसायला साधी, प्रत्येक हेट असण्याची शक्यता सहासष्ट टक्के. कोणतं हेट आणि कोणतं नाही हे सापाकडे बघून सांगता येत नाही. हेट पायबाल्डच्या पोटावर शेपटीकडे दोन समांतर काळ्या रेघा असतात असं म्हणतात, आणि पुष्कळदा असतातही, पण त्या साध्या सापांतही सापडतात आणि पक्क्या हेटांतही नसतात. त्या रेघांवर पैसे लावू नयेत. आजच्या बाजारात पॉसिबल हेट नराला साध्या नराइतकाच भाव आहे, आणि साध्या नराला भावच नाही.

माझा निर्णय मात्र इथेच पक्का झाला. ही शंका कोणती जोडी लावता त्यातून येते, आणि जोडी तुमच्या हातात असते. एक बाजू दिसणारी ठेवा. पायबाल्ड नर आणि पक्की हेट मादी: सहा अंड्यांतली सरासरी तीन पायबाल्ड, तीन हेट. ती तिन्ही हेट शंभर टक्के, कारण बापाकडे द्यायला दुसरा जीनच नाही. क्लचमध्ये एकाही पिल्लाच्या नावापुढे ‘बहुधा’ लिहावं लागत नाही. हेट गुणिले हेट लावायचंच नाही, हेट गुणिले साधं तर नाहीच. को-डॉममध्ये असा नियम मला सापडला नाही. तिथे शंका डोळ्यांत असते, जोडी बदलून जात नाही. जीन कमी ठेवले तर शंका कमी होते, पण मग भावही उरत नाही, आणि एकेरी को-डॉमचं पिल्लू विकेपर्यंत खाल्लेल्या उंदरांचा खर्चही निघत नाही.

कातेवरून जीन तपासायची सोय आता झाली आहे, ती दोन्ही बाजूंना कामाची आहे. ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींवरूनच अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो आणि अल्ट्रामेल या तिन्हींमागचे जीन शोधले. अल्बिनो माणसांत ज्या टायरोसिनेज जीनमुळे होतो, त्याच जीनमुळे इथेही. आता व्यावसायिक टेस्टही मिळते आणि जुनी घेतलेली पॉसिबल हेट मादी असेल तर मी ती आवर्जून करून घेईन, तीन वर्षांची वाट वाचते. पण टेस्ट फुकट नसते. चाळीस डॉलरच्या पिल्लाच्या तीन-चार जीनची टेस्ट कुणी करत नाही. दोनशे डॉलरच्या हेट मादीच्या एका जीनची करायला काहीच वाटत नाही. तिथेही पारडं रिसेसिव्हकडेच झुकतं, असं मला वाटतं.

रिसेसिव्हच्या स्वतःच्या कटकटी आहेत त्या झटकन सांगतो. ॲक्झँथिकच्या (पिवळा रंग नसलेल्या, राखाडी सापांच्या) वेगवेगळ्या लाइन, म्हणजे वेगवेगळ्या मूळ सापांपासून आलेल्या वंशरेषा, आहेत. एका लाइनचा न जुळणाऱ्या दुसऱ्या लाइनवर लावला तर पिल्लं साधी निघतात, दोन्हींची हेट. लाइन लिहिलेली नसेल तर तो साप ब्रीडिंगला घेऊ नका, पाळायला खुशाल घ्या. दोन रिसेसिव्ह एकत्र करायचे मनसुबे बहुतेकांचे असतात. डबल हेट गुणिले डबल हेटमध्ये सोळात एक, आणि क्लच सहाचा. मी त्या वाटेला जात नाही. शिवाय बाप-मुलीची जोडी लावणं या छंदात सर्रास चालतं. आता हेट माद्या स्वस्त आहेत, दोन वेगळ्या ठिकाणांहून घेणं परवडतं, मग ते कशाला करायचं?

तब्येतीचा मुद्दा माझ्यासाठी भावाच्या वर आहे. स्पायडरची मान डोलते, काही सापांत एवढी की शिकार पकडताना नेम चुकतो, साप पालथा पडतो. हे त्या जीनसोबतच येतं, चांगल्या जोपासनेने जात नाही. वोमा आणि शँपेनमध्येही तोच प्रकार कमी-अधिक दिसतो. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत स्पायडरच्या विक्रीला बंदी घातली ते मला पूर्ण पटतं. डेझर्ट हा जीन एकेकाळी खूप महाग होता, आणि मग कळलं की त्याच्या माद्यांना धड अंडी घालता येत नाहीत, अंडी अडकून त्या मरतात. ज्यांनी तोवर पैसे घातले होते त्यांचे तर बुडालेच, माद्यांचे हाल झाले ते वेगळेच. सुपर, म्हणजे दोन प्रती असलेल्या, सिनेमन आणि ब्लॅक पेस्टलमध्ये वाकडे मणके आणि चपटं थोबाड निघण्याचा धोका असतो. रिसेसिव्ह बाजू धुतल्या तांदळासारखी नाही, कॅरेमल अल्बिनोत वाकडे मणके पुष्कळ निघायचे. पण पायबाल्ड, क्लाउन, अल्बिनो, डेझर्ट घोस्ट (हा वरच्या डेझर्टपेक्षा वेगळा) यांत आजवर असं काही मोठं समोर आलेलं नाही. यादी करायला बसलं तर को-डॉमची लांब होते.

खाणं, टब, तापमान यात दोन्हींचा फरक शून्य. साप उपाशी बसायचा तेव्हा बसतो, त्याला आपले जीन माहीत नसतात. फरक पडतो तो विक्रीत, आणि तो मात्र मोठा आहे. तीसचा साप असो की तीनशेचा, पिल्लाने सलग पाच जेवणं घेतल्याशिवाय मी देत नाही. तोवर टब अडतो, उंदीर जातात, रात्रीत पोचवणाऱ्या शिपिंगला पन्नास डॉलरच्या आसपास लागतात, आणि घेणाऱ्याचे प्रश्न तेवढेच असतात. उलट स्वस्त सापाच्या गिऱ्हाइकाचे प्रश्न जास्त, कारण तो बहुधा पहिल्यांदाच साप घेत असतो. त्याला वेळ द्यायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षाला तीस एकेरी को-डॉम विकण्यात जेवढा जीव जातो तेवढ्यात सहा पायबाल्ड आणि सहा हेट नीट माणसांकडे जातात.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली. ती तिथे १९६१ पासून होती, वय साठीच्या पुढचं धरलं जातं, आणि पंधराहून अधिक वर्षं नराशी संबंध नव्हता. इतकं जगणारं जनावर आपण भाव पडला म्हणून पंचवीस डॉलरला, कुणालाही, घाईघाईत देऊन टाकतो. आजारी पडलं तर डॉक्टरची पहिली फीच त्याच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट. काही जण ती भरतात, पुष्कळ जण भरत नाहीत. म्हणून मला कमी पिल्लं आणि प्रत्येकाला घर मिळेल असा प्रकल्प हवा होता. हे माझं मत, प्रत्येकाने असंच करावं असा आग्रह नाही.

मग को-डॉम कुणी घ्यावेत? ज्याला एकच मादी ठेवायची आहे, पिल्लं ओळखीपाळखीत द्यायची आहेत आणि पहिल्याच वर्षी अंड्यातून रंगीत डोकं बघायचंय, त्याने बिनधास्त घ्यावेत, भाव उतरल्याचा सगळ्यात मोठा फायदा त्यालाच आहे. फक्त ठळक जीन निवडावेत. बनाना, मोहावे, पेस्टल यांत चूक होत नाही. बनाना घेताना नर असेल तर तो जीन त्याला बापाकडून आला की आईकडून ते मात्र विचारा. बापाकडून आला असेल तर त्याची बनाना पिल्लं बहुतेक नर निघतात, आईकडून आला असेल तर बहुतेक माद्या, आणि आजच्या बाजारात नर आणि मादी यांच्या भावात खूप अंतर आहे. यलो बेली, एन्ची वगैरे पुसट जीन नवख्याने लेबलावर विसंबून घेऊ नयेत, आई-बापाचे फोटो मागावेत.

खरं सांगायचं तर दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या ठेवायचीही गरज नाही. पाया रिसेसिव्ह आणि वर एक ठळक को-डॉम, एवढं मला झेपतं आणि आवडतं. पेस्टल पायबाल्ड, बनाना पायबाल्ड. पांढऱ्यावरचं ठिगळ कोणत्या रंगाचं आहे ते लगेच दिसतं, वाद नाही. क्लाउनमध्ये मात्र तीन-चार को-डॉम घालू नका. क्लाउन नक्षी इतकी बदलतो की आत काय काय आहे ते ओळखणं यलो बेलीपेक्षाही अवघड होऊन बसतं, आणि ज्या कटकटीतून सुटायला रिसेसिव्हकडे आलो तीच पुन्हा उभी राहते.

आज शून्यापासून सुरू करायचं असतं तर मी असं केलं असतं. एक पायबाल्ड नर, वर्षभराचा, सहाशे ग्रॅमच्या पुढचा, उंदीर न कुरकुरता खाणारा. काही वर्षांपूर्वी असा नर घ्यायला हजाराच्या वर मोजावे लागत, आता काही शे. दोन पक्क्या हेट माद्या, दोन वेगळ्या ब्रीडरांकडून, बाराशे ग्रॅमच्या आसपासच्या, म्हणजे एका वर्षात तयार होतील. भाव उतरल्यामुळे लोक अर्धवट वाढवलेल्या माद्या काढून टाकतायत, अशा माद्या पूर्वी कुणी सोडत नसे. पिल्लं घेऊन तीन वर्षं वाढवण्यापेक्षा तिथे जास्त पैसे घालणं मला शहाणपणाचं वाटतं. माद्या घेताना एकच प्रश्न विचारायचा: हिच्या आई-बापात दिसणारं कोण होतं? फोटो दाखवला तर पूर्ण भाव द्यायचा. दोघंही हेट होते असं उत्तर आलं तर टेस्टने किंवा पिल्लांतून सिद्ध झाल्याशिवाय तिला शंभर टक्के हेट म्हणता येत नाही, लेबलावर काहीही लिहिलेलं असो. तिला साध्या मादीचा भाव सांगायचा, आणि नाही जमलं तर पुढच्या टेबलाकडे जायचं.